ससा : एक नांव, दोन प्राणी

ज्वारीची काढणी चालू असतां एखाद्या धसकटाच्या आडोशाला मुठीएवढें, करड्या रंगाचें एक पिलूं निपचित बसलेलें आढळतें. माणसाची चाहूल लागली तरी तें पळत नाहीं. कान पाठीला चिकटवून आणि डोळे टक्क उघडे ठेवून जागच्या जागीं दबून राहतें. त्याची आई आसपास कोठें दिसत नाहीं. पाहणाऱ्याला दया येते. आईवेगळें झालेलें सशाचें पोर, रात्रीं कोल्हा खाऊन टाकील, असें म्हणून तो तें उपरण्यांत गुंडाळून घरीं आणतो. घरीं मुलांनीं हौसेनें पाळलेली पांढऱ्या सशांची जोडी असते. तेही ससे आणि हेंही सशाचेंच पिलूं. तेव्हां त्याच खुराड्यांत त्याची सोय होते, गाईच्या दुधाची वाटी पुढें येते, कोवळा पाला येतो. इतकें सर्व होऊनही बहुधा चार-आठ दिवसांत तें पिलूं मरतें, आणि घरांतील मुलें रडतात.

ह्या प्रकारांत कोणाच्या मायेंत उणें नव्हतें. घात झाला तो एका समजुतीनें, आणि ती समजूत एका शब्दांतून जन्मली आहे. ‘ससा’ हा शब्द मराठींत दोन अगदीं भिन्न प्राण्यांना लावला जातो. त्यांपैकीं एक महाराष्ट्राच्या माळांवर पुरातन काळापासून नांदत आलेला. दुसरा परदेशांतून माणसानें आणलेला. इंग्रजी भाषेंत पहिल्याला हेअर आणि दुसऱ्याला रॅबिट अशीं दोन स्वतंत्र नांवें आहेत. मराठींत दोघांचा संसार एकाच नांवावर चालतो, व त्यामुळें एकाचे गुणधर्म दुसऱ्याच्या अंगीं सहज चिकटविले जातात. हीं नांवें कशीं पडलीं आणि त्यांच्या आड काय लपलें आहे, हें पाहणें म्हणूनच उपयोगाचें आहे.

प्रथम नांवाच्या मूळ धन्याची हकीकत. मराठी ‘ससा’ हा संस्कृत ‘शश’ शब्दापासून आला. गुजराती ‘ससलुं’ आणि कोंकणी ‘सोसो’ हीं त्याचींच भावंडें. भाषाशास्त्रज्ञांच्या मतें संस्कृत ‘शश’, जर्मन ‘हाजे’ आणि इंग्रजी ‘हेअर’ हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन धातूंतून निघाले असून त्याचा अर्थ ‘करडा’ असा आहे. म्हणजे ज्या कोण्या पूर्वजांनीं ह्या प्राण्याला प्रथम नांव दिलें, त्यांनीं तें त्याच्या मातकट, करड्या रंगावरून दिलें. पुण्याच्या बाजारांत पिंजऱ्यांत विकावयास ठेविलेल्या शुभ्र प्राण्याला ‘ससा’ म्हणणारा मनुष्य नकळत त्याला ‘करड्या’ अशीच हांक मारीत असतो.

भारतीय वाङ्मयांत जेथें जेथें शश येतो, तेथें तेथें तो हाच माळावरचा प्राणी होय. कारण रॅबिट हा ह्या देशाच्या रानांत कधीं नव्हताच. चंद्रावरील डागांत लोकांनीं त्याचीच आकृति पाहिली आणि चंद्राला शशी, शशांक, शशधर अशीं नांवें मिळालीं. बौद्धांच्या शशजातकांत अतिथीला देण्यासारखें दुसरें कांहीं जवळ नाहीं म्हणून स्वतःचा देह अग्नींत टाकणारा तोच, आणि पंचतंत्रांत सिंहाला विहिरींतील प्रतिबिंब दाखवून बुडविणाराही तोच. जें जगांत मुळींच अस्तित्वांत नाहीं त्याचें उदाहरण देतांना शास्त्रकारांना ‘शशविषाण’ म्हणजे सशाचें शिंग आठवलें. पांढऱ्या, गुबगुबीत पाळीव प्राण्याचें चित्र ह्या कथांच्या शेजारीं आज छापलें जातें खरें; पण कथाकारांच्या डोळ्यांपुढें तो प्राणी नव्हता. कासवाशीं पैज लावणारा इसापाचा ससाही हेअरच आहे. युरोपांतील हेअर ताशीं ६०–७० किलोमीटर वेगानें धांवूं शकतो. त्याच्या जागीं रॅबिट ठेवला तर पैजेंतील बराचसा गर्व ओसरतो.

मराठी भाषेनेंही ह्या माळावरच्या सशाला नीट ओळखलें होतें. अमरकोशांत श्येन पक्ष्याला ‘शशादन’, म्हणजे ससे खाणारा, असें नांव आहे. मराठींतील ‘ससाणा’ त्याच शब्दाशीं जोडला जातो. ‘ससेहोलपट’ हा शब्द तर जणूं शिकारीच्या जागींच घडला. कुत्रे पाठीस लागले असतां माळावरचा ससा सरळ रेषेंत धांवत नाहीं. तो एकाएकीं काटकोनांत वळतो, मागें फिरतो, पुन्हां उसळतो. कुत्रे पुढें निघून जातात आणि पुन्हां उलटतात. अशा दाही दिशांनीं झालेल्या दमछाकीला ससेहोलपट म्हणतात. ही स्थिति बिळांत राहणाऱ्या प्राण्याची होत नाहीं, कारण त्याचा पाठलाग बिळाच्या तोंडाशीं संपतो. ज्याला लपावयास घर नाहीं, त्याचीच होलपट होते.

येथें एका शब्दापुरतें सावध राहिलें पाहिजे. ‘ससेमिरा’ ह्या शब्दांत ससा दिसतो, परंतु त्याचा सशाशीं कांहीं संबंध नाहीं. विक्रमचरिताच्या कथांत विश्वासघातामुळें वेडा झालेला एक राजपुत्र ‘स-से-मि-रा’ एवढींच चार अक्षरें पुनःपुन्हां उच्चारीत असतो, आणि त्या एकेका अक्षरानें सुरू होणारे चार श्लोक ऐकविल्यावर तो शुद्धीवर येतो. त्या चार अक्षरांचा मराठींत ‘पिच्छा’ झाला. नांवांतील साम्य किती फसवें असतें, ह्याचा हा घरचाच दाखला.

आतां दुसऱ्या प्राण्याकडे वळावें. रॅबिटची मायभूमि युरोपच्या नैर्ऋत्य टोंकाला, स्पेन व पोर्तुगाल ह्या देशांत आहे. प्राचीन काळीं फिनिशियन व्यापारी तेथें पोहोंचले, तेव्हां हा अनोळखी प्राणी पाहून त्यांना आपल्याकडील खडकांत राहणाऱ्या ‘शाफान’ नांवाच्या निराळ्याच प्राण्याची आठवण झाली. त्यांनीं तें नांव ह्याला दिलें आणि त्यावरूनच त्या देशाला हिस्पानिया हें नांव पडलें, असें एक प्रसिद्ध मत आहे. शाफान हा प्राणी आप्तसंबंधानें सशापेक्षां हत्तीला अधिक जवळचा आहे! पुढें १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलांत भाषांतरकारांनीं ह्याची उलट फेड केली. मूळांतील शाफानला इंग्रजी नांव नव्हतें, म्हणून त्यांनीं तेथें ‘कोनी’ म्हणजे रॅबिट असा शब्द घातला.

हें ‘कोनी’ नांव लॅटिन ‘कुनिकुलुस’पासून निघालें. कुनिकुलुस म्हणजे रॅबिट, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ भुयार. हेअरचें नांव रंगावरून, तर रॅबिटचें नांव असें भुयाराशीं बांधलेलें. दोघांतील मुख्य भेद त्यांच्या नांवांतच सांठवलेला आहे. नॉर्मन लोकांच्या अमदानींत रॅबिट इंग्लंडांत आला, तेव्हां मोठ्या प्राण्याला कोनी म्हणत आणि ‘रॅबिट’ हें नांव फक्त त्याच्या पिलाचें होतें. कालांतरानें पिलाचें नांव सर्व जातीला मिळालें आणि कोनी हा शब्द मागें पडून मुख्यतः कातड्याच्या व्यापारापुरता उरला.

पिंजऱ्यांत दिसणारे पांढरे, काळे, ठिपकेदार, लोंबत्या कानांचे किंवा लांब लोकरीचे अंगोरा हे सर्व ससे युरोपांतील ह्या एकाच जातीचीं पाळीव रूपें आहेत. हा पाहुणा महाराष्ट्रांत आला तेव्हां मराठींत त्याला नांव नव्हतें. लांब कान, फुटका ओठ आणि आंखूड शेपूट पाहून लोकांनीं त्याला शेजारच्या ओळखीच्या प्राण्याचें नांव दिलें. ह्यांत नवल कांहींच नाहीं. फिनिशियनांनींही तेंच केलें होतें.

परंतु घोटाळा येथें थांबला नाहीं. घरचा ससा नेहमींचा झाल्यावर माळावरच्या सशाला ‘रानससा’ म्हणण्याची रीत पडली. मराठींत ‘रान’ हें उपपद लागलें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत एक नातें आपोआप जुळतें. रानडुकराचें पाळीव रूप तें डुक्कर, रानम्हशीचें पाळीव रूप ती म्हैस. त्याच हिशेबानें रानससा माणसाळला म्हणजे घरचा ससा होईल, असें वाटूं लागतें. हा हिशेब येथें चुकतो. रानससा कितीही पिढ्या पिंजऱ्यांत ठेवला तरी त्याचा रॅबिट व्हावयाचा नाहीं. हेअरच्या पेशींत ४८ गुणसूत्रें असतात आणि रॅबिटच्या पेशींत ४४. दोघांचा संकर होत नाहीं. एकाच कुळांतील हीं दोन फार पूर्वीं वेगळीं झालेलीं घराणीं आहेत. दोघांनाही उंदरांच्या वर्गांत बसविण्याची जुनी चाल होती. पण वरच्या पुढील दांतांच्या मागें ह्यांना आणखी दोन बारीक दांत असतात, आणि अशा शरीरभेदांवरून १९१२ सालापासून त्यांचा गण स्वतंत्र मानला जाऊं लागला.

महाराष्ट्रांतील रानसशाचें शास्त्रीय नांव ‘लेपस नायग्रिकॉलिस’. ह्याचा अर्थ काळ्या मानेचा ससा, आणि मानेमागील काळा पट्टा ही ह्या भागांतील सशाची खूणच आहे. तो बीळ खणीत नाहीं. गवतांत किंवा झुडपाखालीं अंगाच्या आकाराचा उथळ खळगा करून दिवसभर त्यांत दबून बसतो. कोणी अगदीं पायाशीं येईपर्यंत हालत नाहीं आणि मग एकदम उसळून पळतो. फारच जिवावर बेतलें तर खोकडाच्या बिळांत शिरतो. पण तें बीळ परक्याचें असतें. तो सामान्यतः एकटा राहतो. रॅबिट ह्याच्या उलट. तो जमिनींत भुयारें खणतो, वसाहत करून राहतो आणि धोका दिसतांच मागील पाय आपटून इतरांना इशारा देऊन बिळांत नाहींसा होतो. त्याच्या शास्त्रीय नांवांतील ‘ऑरिक्टोलेगस’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खणणारा ससा’ असाच आहे.

राहणीच्या ह्या भेदांतून सर्वांत महत्त्वाचा भेद उत्पन्न झाला आहे, तो जन्माचा. रॅबिटची मादी सुमारें ३० दिवसांनीं विते. पिलें उघडीं, आंधळीं आणि असहाय असतात. मादीनें स्वतःच्या अंगावरचे केस उपटून केलेल्या बिळांतील मऊ बिछान्यावर तीं पडून राहतात आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात. हेअरच्या पिलाला असें घर मिळत नाहीं, म्हणून तें तयारी करूनच जन्मास येतें. युरोपांतील हेअरची मादी सुमारें ४२ दिवस गर्भ वाहते. पिलूं जन्मतें तेव्हां त्याच्या अंगावर दाट केस असतात, डोळे उघडे असतात आणि थोड्याच वेळांत तें हिंडूं शकतें. कांहीं दिवसांतच भावंडें एकमेकांपासून दूर, निरनिराळ्या जागीं दबून बसूं लागतात. शत्रूला एक सांपडलें तरी इतर वांचावीं, अशी ही सृष्टीची तजवीज आहे.

आई मुद्दामच दूर राहते. तिच्या अंगाला वास असतो, तिच्या येण्याजाण्यानें वाट पडते. ती जवळ बसली तर कोल्ह्याला पत्ताच मिळावयाचा. युरोपांतील हेअरवर झालेल्या निरीक्षणांवरून असें दिसतें कीं, मादी दिवसांतून एकदांच, सूर्य मावळल्यावर, ठरलेल्या जागीं येते. पिलें आपापल्या जागेंतून तेथें गोळा होतात. कांहीं मिनिटें दूध पितात आणि पुन्हां पांगतात. ह्या एका वेळच्या दुधावर चोवीस तास काढावयाचे असल्यामुळें तें दूध फार दाट व स्निग्ध असतें. गाईचें दूध त्यापुढें पाण्यासारखें होय.

ज्वारीच्या शेतांत सांपडलेल्या त्या पिलाचा अर्थ आतां लागतो. तें अनाथ नव्हतें. त्याची आई संध्याकाळीं येणार होती. तें निपचित पडलें होतें तें अशक्तपणानें नव्हे. न हालणें हेंच त्याचें संरक्षण होतें. हातांत धरल्यावर तें शांत राहिलें, त्याला लोक माणसाळलें म्हणतात. वस्तुतः तें भयानें गोठलेलें होतें. पिंजऱ्यांतील पांढरे ससे त्याला आपले वाटावेत, अशी त्याच्या रक्तांत कसलीच ओळख नव्हती. उलट स्वतःची हद्द राखणारा पाळीव ससा अशा नवख्याला चावतोही. आणि सूर्य मावळल्यावर त्याची आई रिकाम्या जागेशीं येऊन परत गेली.

दोन नांवें असलेल्या इंग्रजींतही घोटाळा चुकलेला नाहीं, हें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील ‘जॅक रॅबिट’ हा रॅबिट नसून हेअर आहे. त्याचे लांब कान पाहून तेथील वसाहतवाल्यांना गाढव आठवलें आणि गाढवाच्या इंग्रजी नांवाचा पहिला अर्धा भाग त्याला चिकटला. फारसी भाषेंतून हिंदींत आलेल्या ‘खरगोश’ शब्दांतही हीच कल्पना आहे : खर म्हणजे गाढव, गोश म्हणजे कान. उलटपक्षीं ‘बेल्जियन हेअर’ ह्या नांवाचा प्राणी पूर्ण रॅबिट आहे. सडपातळ व लांब पायांचा दिसावा म्हणून निवडून वाढविलेली ती एक पाळीव जात. तराईच्या व आसामच्या उंच गवतांत राहणाऱ्या, राठ केसांच्या एका दुर्मिळ प्राण्याला ‘हिस्पिड हेअर’ म्हणतात. पण तो खऱ्या हेअरच्या वंशांतला नाहीं, त्याचा वंशच निराळा. हें गवत जाळलें व कापलें गेल्यामुळें तो आज संकटांत आहे. माळावरचा ससा सगळीकडे दिसतो, मग हाही असेल, अशा समजुतीवर त्याला सोडतां येणार नाहीं.

हा भेद किती महागांत पडूं शकतो, ह्याची साक्ष ऑस्ट्रेलियानें दिली आहे. १८५९ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांतील टॉमस ऑस्टिन ह्या जमीनदारानें शिकारीच्या करमणुकीसाठीं इंग्लंडहून २४ रॅबिट मागवून आपल्या बार्वन पार्क येथील मळ्यावर सोडले. भुयारांत सुरक्षित राहणारा आणि महिन्या-महिन्याला विणारा तो प्राणी पुढील कांहीं दशकांत त्या खंडाच्या मोठ्या भागावर पसरला. कुरणें उजाड झालीं, माती उघडी पडली, मेंढपाळ कर्जांत बुडाले. पश्चिम ऑस्ट्रेलियांत त्याला अडविण्यासाठीं १९०७ पर्यंत तीन हजारांहून अधिक किलोमीटर लांबीचीं कुंपणें उभारावीं लागलीं आणि शेवटीं १९५० मध्यें एक रोगजंतु मुद्दाम सोडावा लागला. युरोपांतील हेअरही त्याच खंडांत नेण्यांत आला होता. त्यानें असें अरिष्ट ओढवलें नाहीं. म्हणून हौस संपल्यावर पाळीव ससा ‘रानांत सोडून देणें’ हा कोणत्याही देशांत भूतदयेचा मार्ग ठरत नाहीं. पिंजऱ्यांत वाढलेला पांढरा प्राणी मोकळ्या माळावर बहुधा ससाण्याच्या किंवा कुत्र्याच्या तोंडीं पडतो. आणि तगलाच, तर तो तेथील नव्हे.

कायदाही ह्या दोन सशांना एका मापानें मोजीत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानसशाला संरक्षण दिलें आहे. त्याला मारणें, वाघूर लावून धरणें किंवा घरांत कोंडून ठेवणें हा गुन्हा होतो. घरांतील पाळीव सशाला तो कायदा लागू नाहीं. पिलूं उपरण्यांत गुंडाळून आणणारा दयाळू मनुष्य ह्या दोन नांवांमधील रेषा नकळत ओलांडीत असतो.

भाषेला नवा शब्द आज्ञेनें देतां येत नाहीं, आणि ‘ससा’ हें नांव पाळीव प्राण्याकडून आतां कोणी काढून घेणार नाहीं. रानससा हा शब्दही रूढ झाला आहे व तो वापरण्यास हरकत नाहीं. मात्र वापरतांना एवढें ध्यानांत असावें कीं, ह्या जोडींत मूळचा ससा तो रानांतलाच; पिंजऱ्यांतला हा त्याच्या नांवानें राहणारा पाहुणा. शाळेंतील शिक्षकांनीं चित्र दाखवितांना दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून बीळ कोणाचें आणि खळगा कोणाचा एवढें सांगितलें, तरी पुष्कळ काम होईल.

शेतकऱ्याला तर ह्याहून सोपें काम आहे. कापणींत पिलूं आढळलें तर त्याच्याभोंवतालचीं चार ताटें उभीं ठेवून पुढें जावें. यंत्रानें काढणी असेल आणि जागा सोडणें शक्यच नसेल, तर उघड्या हातानें न धरतां गवताच्या मुठींत उचलून जवळच्याच बांधावर सावलींत ठेवावें, कुत्रीं दूर बांधावीं आणि माणसांनीं तेथून निघून जावें. दिवस मावळला, शेतांतील बोलणीं थांबलीं, म्हणजे त्याची आई येऊन त्याला दूध पाजील.